एडिनबरोच्या आधी नंदुरबार

मुलीला मे महिन्यात स्कॉटलंडला जायचे होते, म्हणून फेब्रुवारीत आम्ही नंदुरबारला गेलो. शेजारच्या काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. परदेशी जाणाऱ्या मुलांची तयारी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे आणि लोणच्याची बरणी. आमच्या लेकीची तयारी मात्र नंदुरबार तालुक्यातल्या एका विहिरीत अडकून पडली होती, आणि ती विहीर होती आमच्याच घरची.

ही 2023 सालची गोष्ट. लेक पुण्यात संशोधन करते. तिचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, दगडातून पाणी कसे वाहते. दगडातून, मातीतून, वाळूतून, किंबहुना ज्या ज्या वस्तूला बारीक छिद्रे आहेत तिच्यातून काहीही कसे झिरपते याचा अभ्यास करणारी मंडळी जगभर आहेत. त्यांची 'इंटरपोर' नावाची आंतरराष्ट्रीय संस्था 2008 मध्ये स्थापन झाली. ती उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्यांत मूळचे इराणचे आणि नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात शिकवणारे माजिद हसनीजादेह हे एक नाव. संस्थेची परिषद दरवर्षी वेगळ्या देशात भरते. त्या वर्षी मे महिन्यात ती एडिनबरोत होती.

'सच्छिद्र माध्यम' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही दोघे गप्प बसलो. लेकीने स्वयंपाकघरातल्या माठाकडे बोट दाखवले. माठ सच्छिद्र आहे. पाणी त्याच्या अंगातून बाहेर झिरपते, वाऱ्याने उडते, म्हणून आतले पाणी गार राहते. थर्मोकोलमध्येही हवेच्या पोकळ्या भरपूर असतात, पण एकीतून दुसरीत जायला वाट नसते. म्हणून तो पाण्यावर तरंगतो आणि आतून कोरडा राहतो. "छिद्रं किती आहेत हा एक प्रश्न. ती एकमेकांना जोडलेली आहेत का, हा दुसरा. माझं सगळं काम दुसऱ्या प्रश्नावर आहे," ती म्हणाली. त्या परिषदेत एका दालनात तेलाच्या खडकांवर चर्चा चालते, दुसऱ्यात बॅटरीवर, तिसऱ्यात हाडांवर आणि कागदावर. लहान बाळाच्या डायपरवरही लोक गंभीरपणे बोलतात. गणित बहुतेकांचे सारखेच असते.

तिचा सारांश स्वीकारला गेला होता, पण व्यासपीठावरून बोलण्यासाठी नाही, पोस्टरसाठी. आम्हाला थोडे वाईट वाटले. पोस्टर म्हणजे शाळेतला तक्ता, असे आमचे चित्र. तिने समजावले की पोस्टरपाशी तासभर उभे राहावे लागते आणि येणारा कोणीही काहीही विचारतो. भाषणात वेळ संपली की सुटका होते, इथे होत नाही. आणि तिला भीती नेमकी त्याचीच होती.

कारण तिच्या आलेखावर अकरा विहिरी होत्या. दहा विहिरींचे ठिपके एका रेषेच्या आसपास बसत होते. अकरावा ठिपका भलतीकडेच पडला होता. तो होता आमच्या भाईजानच्या शेतातल्या विहिरीचा. तिच्या मार्गदर्शकांनी दोन वाटा ठेवल्या: पुन्हा जाऊन मोजून ये, किंवा लोकांनी विचारल्यावर काय सांगायचे ते ठरवून ठेव. हा ठिपका वगळून टाकणे ही तिसरी वाट होती. ती त्यांनी सुचवली नाही आणि लेकीनेही विचारली नाही. पण रात्री जेवताना ती एकदा म्हणाली, "दहाच असत्या तर किती छान दिसलं असतं."

पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने धुळे, तिथून दोंडाईचामार्गे नंदुरबार. धुळे सोडले की रस्ता उघड्याबोडक्या माळातून जातो. कापूस वेचून झालेली शेते, मधूनच हिरवा गव्हाचा पट्टा, आणि दूरवर काळसर दगडांच्या लांबलचक, अरुंद टेकड्या. आम्ही लहानपणापासून त्या पाहत आलो. बैलगाडीतून जाताना आमचे अब्बा त्यांना 'देवांची अर्धवट सोडलेली भिंत' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांची गंमत सांगायचे. भिंतीचीच उपमा आता लेकीच्या तोंडून पुन्हा ऐकली, वेगळ्या अर्थाने.

महाराष्ट्राचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरत गेले. नंतर त्याच थरांना उभ्या चिरा पडल्या, त्यांत पुन्हा वितळलेला दगड घुसला आणि तिथेच थिजला. अशा थिजलेल्या उभ्या भिंतींना 'डाइक' म्हणतात. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला की डाइक उघडी पडते आणि आपल्याला लांबट टेकडी दिसते. नंदुरबार-धुळे भागात अशा भिंतींचा थवाच आहे. रंजिनी राय, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी 2007 मध्ये या थव्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एक किलोमीटरपेक्षा लांब अशा 210 डाइक मोजल्या. सर्वांत लांब 79 किलोमीटरची. जाडी कुठे तीन मीटर, कुठे 62 मीटर. जवळजवळ सगळ्या उभ्या आणि जवळजवळ सगळ्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या.

पूर्व-पश्चिम ही गोष्ट आमच्या घरासाठी महत्त्वाची. तापीच्या दक्षिणेकडचे ओढेनाले उत्तरेला, तापीकडे उतरतात. जमिनीखालचे पाणीही त्याच उताराने सरकते. वाटेत आडवी भिंत आली की ते वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला तुंबते. खालच्या अंगाला, उत्तरेला, विहिरी लवकर आटतात. शास्त्रज्ञांनी सांगायच्या आधीपासून गावाला हे ठाऊक आहे. 'टेकाडाच्या वरती पोरगी द्यावी, खालती देऊ नये' असे आमची दादी म्हणायची. आमची जमीन टेकाडाच्या खालती.

नंदुरबार गावात शिरताना नाकाला आधी मिरची कळते. बाजार समितीपलीकडच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले असतात, बायका तोंडाला ओढणी बांधून त्या उलट्यापालट्या करत असतात. आम्ही तिघेही रिक्षात शिंकत होतो आणि रिक्षावाला मजेत आरशातून बघत होता. 1998 च्या 1 जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याला आता पंचवीस वर्षे होत आली होती, तरी भाईजान अजून 'धुळे जिल्हा' म्हणतात आणि मग स्वतःच जीभ चावतात.

भाईजान म्हणजे आमचे थोरले बंधू, लेकीचे बडे अब्बा. वय सत्तरीच्या पुढे. पाठ ताठ. दारात आल्या आल्या त्यांनी लेकीला विचारले, "तिकडं थंडी किती?" एकटी जाणार का, हा प्रश्न बाकी नातलगांनी विचारून झाला होता. भाईजाननी विचारला नाही. भाभीजाननी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा वाढला. जेवताना भाईजान सहज म्हणाले, "बरं झालं आलात. गुरुवारी गाडी येतेय."

गाडी म्हणजे बोअरची गाडी. ही चौथी. आधीचे तीन बोअर कोरडे गेले होते, त्यांतल्या दुसऱ्याचे कर्ज अजून फिटायचे होते. चौथ्याची जागा पाणाड्याने हातावर नारळ ठेवून दाखवली होती: विहिरीपासून दोनशे फूट उत्तरेला, बांधाजवळच्या बाभळीखाली. विसारही देऊन झाला होता. लेकीने भाकरीचा घास ताटात ठेवला. आमच्याकडे पाहिले, पण बोलली काही नाही. तो दिवस सोमवार होता.

मंगळवारी सकाळी मोजणी सुरू झाली. पद्धत साधी आहे, कंटाळवाणी आहे. आधी टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचे. मग मोटर लावून पाणी ठराविक पातळीपर्यंत उपसायचे, मोटर बंद करायची, आणि पाणी परत कसे चढते ते घड्याळ लावून लिहीत बसायचे. सुरुवातीला दर मिनिटाला, मग दर पाच मिनिटांनी, मग तासाला. रात्रभर. पाणी किती वेगाने परत येते यावरून भोवतालचा दगड किती मोकळा आहे ते कळते. पुतण्याने खाट विहिरीजवळ नेऊन टाकली. येणारा जाणारा थांबून अहिराणीत विचारायचा, "पानी शे का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा.

विहीर 42 फूट खोल. वरून पाहिले तर थर स्पष्ट दिसतात. आधी काळी माती, मग मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. मांजऱ्यातले ठिपके म्हणजे एके काळचे बुडबुडे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. म्हणजे छिद्रे होती, पण बुजली. काळ्या पाषाणात छिद्रेच नाहीत. त्यात पाणी सापडते ते फक्त भेगांमध्ये. बोअरवाल्याची गाडी याच पाषाणात तीनशे-चारशे फूट जाते आणि एखादी भेग भेटली तर पाणी, नाही तर पांढरी धूळ. भाईजानच्या अंगणात तीन बोअरच्या धुळीचे ढीग पावसाने बसून सिमेंटसारखे झाले होते. नातवंडे त्यावर घसरगुंडी खेळत होती.

आम्ही दोघे विहिरीच्या काठावर बसून सारखे "किती झाले?" विचारत होतो. दुपारी लेकीने आम्हाला तोरणमाळला पिटाळले. तुम्ही बघून या, इथे गर्दी नको, असे स्पष्टच म्हणाली. पुतण्याच्या मित्राची जीप होती.

प्रकाशाला तापी ओलांडली. गोमाई तिथे तापीला मिळते. बॅरेजमुळे पाणी पसरलेले, संथ. पुलावर जीप थांबवून आम्ही बराच वेळ पाहत उभे राहिलो. इतके पाणी एका बाजूला आणि वीस-पंचवीस मैलांवर भाईजानची बाभळ. पुढे शहादा, केळी आणि पपईच्या बागा. तापीकाठचा हा गाळाचा पट्टा वेगळाच देश वाटतो. नदीने आणलेली वाळू आणि माती इथे खोलवर साठली आहे, त्यात पाणी धरायला जागाही आहे आणि चालायला वाटही. सातपुडा सुरू झाला की पुन्हा कातळ. सातपायरी घाटाची वळणे घेत वर गेलो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. यशवंत तलावावर गार वारा होता आणि शाळेच्या सहलीची पोरे होती. तलाव सुंदर आहे, पण आमच्या लक्षात राहिले ते उतरताना पाहिलेले एक दृश्य.

रस्त्याच्या कडेला कोरडा नाला होता. एक पावरा बाई वाळूत गुडघाभर खोल खड्ड्याशी बसली होती. याला इकडे झिरा म्हणतात. खड्ड्याच्या तळाशी वाटीभर पाणी जमले की ती ते उचलून हंड्यात ओतायची आणि पुन्हा थांबायची. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला थोडी येत होती. ड्रायव्हरने मध्ये बोलून सांगितले की नाल्यात वरच्या बाजूला पाणी गढूळ आहे, झिऱ्यातले स्वच्छ असते. हंडा भरायला किती वेळ लागतो, असे विचारले तर ती हसली. उन्हाळ्यात किती लागतो ते विचारा, म्हणाली. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात अर्धा हंडा भरला.

रात्री हे लेकीला सांगितले तेव्हा ती उठून बसली. तिच्या शास्त्राची सुरुवात अशाच वाळूपासून झाली होती. हेन्री डार्सी नावाचा फ्रेंच अभियंता. दिजोन शहरात 1840 मध्ये त्याने दूरच्या झऱ्याचे पाणी आणले. पुढे पाणी गाळायला वाळूचे थर किती जाड हवेत हे ठरवण्यासाठी त्याने तिथल्या रुग्णालयात एक उभे नळकांडे वाळूने भरले आणि त्यातून पाणी सोडून मोजमाप केले. 1856 मध्ये त्याने नियम छापला: पाण्याचा दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त, वाळूचा थर जितका लांब तितका कमी, आणि बाकी सगळे त्या वाळूवर अवलंबून. आज तेलविहिरीपासून मूत्रपिंडापर्यंत सगळीकडे हा नियम वापरतात. त्या बाईच्या वाटीत तोच नियम थेंबथेंब जमत होता, फक्त तिला दाब वाढवता येत नव्हता.

भाईजान हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "फ्रान्सचं सोड. बुऱ्हाणपूर बघितलंस का?" आमच्या लहानपणी अब्बांनी त्यांना तिथला कुंडी भंडारा दाखवला होता. तापीच्या वरच्या अंगाला, बुऱ्हाणपुरात, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात 1615 मध्ये ही योजना झाली. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी बोगद्याने अडवले, जागोजाग कुंड्या खोदल्या आणि नुसत्या उताराने पाणी शहरात आणले. पंप नाही, बैल नाही. ही इराणी कनातांची विद्या. तिच्यावरचा अरबी ग्रंथ तर त्याच्याही सहाशे वर्षे आधीचा. गणिती अल-करजी यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'लपलेले पाणी बाहेर काढणे' या विषयावर पुस्तक लिहिले, त्यात खडक आणि माती पाहून पाणी कसे ओळखावे, बोगद्याची पातळी कशी मोजावी हे सांगितले आहे. लेकीला ते नाव माहीत होते, बुऱ्हाणपूर माहीत नव्हते. भाईजानना उलट. दोघांचे तास-दीड तास चांगले जमले. मधे मधे ती उठून टॉर्च घेऊन विहिरीवर जाऊन यायची.

बुधवारी दुपारपर्यंत आकडे हाती आले आणि ती अधिकच गोंधळली. पहिली मोजणी चुकीची नव्हती. पाणी पुन्हा तसेच चढले होते: टेकाडाच्या खालच्या विहिरीला न शोभणाऱ्या चालीने. वेगाने नाही, पण थांबतही नव्हते. तिने दुर्बिणीने विहिरीच्या भिंती पाहिल्या. दक्षिणेच्या भिंतीला 29 फुटांवर ओलाव्याची एक रेघ होती. बाकी तीन बाजू कोरड्या ठाक.

"बडे अब्बा, ही विहीर खोदली तेव्हा तुम्ही होता?"

भाईजान हसले. "होतो म्हणजे? माती मीच ओढली. तेव्हा चौदा वर्षांचा असेन."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्हालाही नवे होते. अब्बा आणि दोन वडार. वीस-बावीस फुटांनंतर दक्षिणेच्या अंगाला सुरुंगाला न जुमानणारा दगड लागला. बाकीचा कातळ ढेकळांनी फुटायचा, हा मात्र लांब लांब आडव्या तुकड्यांनी निघायचा, जशी कोणी लाकडे रचून ठेवली आहेत. वडार म्हणाले, इथे थांबू, पुढे नको. अब्बांनी विहीर थोडी उत्तरेला सरकवली. त्या रचलेल्या लाकडांसारख्या दगडांचे तुकडे गोठ्याच्या पायात आहेत.

लेक गोठ्याकडे धावली. आम्ही मागोमाग. पायातला दगड तिने हाताने चाचपला, भिंगाने पाहिला, आणि तिथेच शेणात बसली.

डाइक थिजते तेव्हा तिला तडे पडतात ते दोन्ही बाजूंच्या थंड भिंतींपासून आतल्या दिशेने. म्हणून उभ्या डाइकमधले दगडी खांब आडवे असतात, रचलेल्या सरपणासारखे. म्हणजे आमची विहीर भिंतीच्या पलीकडे नव्हती. तिचा दक्षिणेचा कठडा भिंतीतच होता. आणि भिंत इथे सलग नव्हती, तिच्या खांबांमधल्या फटींतून वरच्या अंगाचे पाणी थोडे थोडे येत होते. शेजारच्या साक्री तालुक्यात अशा भेगाळलेल्या डाइक स्वतःच पाण्याचा साठा असू शकतात, असे रेमंड दुराईस्वामी यांनी दाखवले आहे, हे तिने वाचले होते. वाचलेले आणि गोठ्याच्या पायातले यांची गाठ पडायला साठेक वर्षांपूर्वीची माती ओढणारा माणूस लागला. पहिल्या खेपेला तिने त्यांना फक्त 'मोजू का?' एवढेच विचारले होते. आम्हीही तिला काही सांगितले नव्हते. आम्हाला माहीतच नव्हते, कारण आम्हीही कधी विचारले नव्हते.

पण बुधवारची संध्याकाळ झाली होती आणि गुरुवारी गाडी येणार होती.

मगरिबनंतर अंगणात सगळे बसले. लेकीला बोलायचे होते हे दिसत होते आणि ती घाबरली आहे हेही. परिषदेत शेवटी 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असे लिहून मोकळे होता येते. इथे ते वाक्य चालणार नव्हते. चुकीचे सांगितले तर भाईजानचे पाणी जाईल. काहीच न सांगितले तर पैसे जातील.

"बडे अब्बा, बाभळीखाली बोअर घेऊ नका."

"तिथं नाही लागणार?"

"मला नाही वाटत. तुम्ही भिंतीपासून लांब चाललाय. पाणी भिंतीतून येतंय."

"मग कुठं?"

"नवीन बोअरच नको. विहिरीच्या दक्षिणेच्या भिंतीत, ओल आहे तिथं, आडवे बोअर मारा. लांबीला थोडे, दोन-तीन."

"लागेल?"

ती बराच वेळ थांबली. "सांगता येत नाही. फट सापडली तर लागेल. पण उत्तरेला लागणार नाही, याची मला जास्त खात्री आहे."

भाईजान काही बोलले नाहीत. पाणाड्या त्यांचा जुना मित्र. विसार बुडणार. आणि भावाची मुलगी, जिला त्यांनी खांद्यावर बसवून सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे दाखवले, ती भर अंगणात त्यांना नाही म्हणत होती. भाभीजान उठून चहा टाकायला गेल्या. आमची रात्र बरी गेली नाही. खरे सांगायचे तर आम्ही दोघे आपसात म्हणालो, हिने बोलायला नको होते. चुकली तर आयुष्यभर ऐकावे लागेल.

फजरनंतर भाईजाननी फोन लावला आणि गाडी नको म्हणून सांगितले. कारण काय दिले ते आम्ही ऐकले नाही. निघताना त्यांनी लेकीच्या हातात गोठ्यातल्या दगडाचा एक तुकडा दिला, कुदळीने फोडून काढलेला. एस.टी.त तो आमच्या पायाशी होता. चांगला जड.

पुण्यात त्या दगडाने आमच्या स्वयंपाकघरात मुक्काम केला. लेकीने त्याचे लहान तुकडे केले, ओव्हनमध्ये वाळवले, वजन केले, मग पाण्यात बुडवून ठेवले आणि पुन्हा वजन केले. दोन वजनांतला फरक म्हणजे दगडाने प्यालेले पाणी. फरक इतका थोडा होता की आमच्या वजनकाट्याला तो कळेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या काट्यावर कळला. दगड स्वतः पाणी पीत नाही, हेच तिला हवे होते. पाणी दगडात नव्हते, दगडांमध्ये होते.

बाकीची तयारी सगळ्यांची होते तशीच. व्हिसाचा अर्ज, बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रे, पासपोर्ट परत येईपर्यंतची धाकधूक. रमजान सुरू झाला. सहरीनंतर ती झोपायची नाही, पोस्टर घेऊन बसायची. तीन मिनिटांत सगळे सांगता आले पाहिजे, म्हणून आम्हाला समोर उभे करून सराव करायची. आम्ही प्रश्न विचारायचे. आमचे प्रश्न संपले तेव्हा भाभीजानना फोन लावला. त्यांनी पहिल्याच फटक्यात विचारले, "बाकीच्या दहा विहिरींच्या मालकांना विचारलंस का, कशा खोदल्या?" लेक गप्प. पोस्टरच्या शेवटच्या चौकटीत तिने मग एक ओळ वाढवली: उरलेल्या दहा विहिरींचा खोदकामाचा इतिहास नोंदवणे बाकी आहे.

अकरावा ठिपका रेषेबाहेरच राहिला. फक्त त्याचा रंग बदलला आणि त्याच्याशेजारी आडव्या खांबांचा फोटो आला.

एप्रिलमध्ये, ईदनंतर, भाईजाननी तीन आडवे बोअर मारले. दोन कोरडे. तिसऱ्यातून बोटाएवढी धार लागली. पपई लावण्याइतके ते पाणी नाही. गुरांना, घराला आणि पाऊण एकर भाजीला पुरते. कर्ज आहे तेवढे आहे, वाढले नाही.

एडिनबरोचे आम्हाला फोनवर कळले तेवढेच. पोस्टरपाशी आइसलंडमधला एक विद्यार्थी बराच वेळ थांबला. त्यांच्याकडेही सगळा बेसाल्ट. त्याने अकराव्या ठिपक्याबद्दलच विचारले. शेवटच्या दिवशी ती सॅलिसबरी क्रॅग्ज पाहायला गेली. शहराच्या मधोमध असलेला हा कडाही डोलेराइटचा, नंदुरबारच्या कित्येक भिंतींच्या जातीचा, वयाने मात्र कितीतरी मोठा. वितळलेला दगड जुन्या थरांमध्ये घुसून थिजतो, हे अठराव्या शतकात जेम्स हटन यांनी याच कड्यावर बोट ठेवून सांगितले. तिने फोटो पाठवला. खाली लिहिले होते, 'आपली उभी आहे, इथली आडवी झोपली आहे.' भाईजाननी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "खांब कुठल्या दिशेला आहेत?" आडव्या थरात खांब उभे असतात. ते त्यांना विचार केल्यावर आपोआप कळले आणि दिवसभर ते खुशीत होते.

लेकीने त्यांना एक वही देऊन ठेवली आहे. दर जुम्म्याला नमाजेआधी टेप सोडून पातळी लिहायची. सुरुवातीला फोनवर आठवण करावी लागायची. आता तेच फोटो पाठवतात. मे महिन्याच्या शेवटच्या जुम्म्याची नोंद आमच्यासमोर आहे: 36 फूट 4 इंच. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, 'काल मोटर दोन तास चालवली. धार सुरू आहे.'